फँटसी आरपीजीमध्ये ट्रान्स पात्रं असतात का? असतात. क्रेमपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न असा आहे की फँटसी आरपीजीमध्ये (म्हणजे आपण एखादं पात्र होऊन खेळायचे व्हिडिओ गेम) ट्रान्सजेंडर पात्रं खरोखर असतात का, आणि असली तर बाकीच्यांशी त्यांची नाती मनापासून लिहिलेली असतात की नुसती नावाला. असतात. कुठलं चांगलं लिहिलंय हे ठरवताना मी एवढंच बघतो, की त्या पात्रासाठी गोष्टीतल्या दुसऱ्या कुणी काय सोसलंय.

हे मला माझ्या मावसभावामुळं कळलं. मी सांगलीचा, तो मिरजेचा. त्याच्या जन्माच्या वेळी मावशीनं बर्फी वाटली होती. लॉकडाऊनमध्ये तो आमच्याकडं अडकला आणि रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं माझ्या पीसीवर 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' लावून बसायचो. २०१४ चा गेम, बायोवेअरचा. त्यात आयर्न बुल नावाचा एक आडदांड, शिंगवाला, एका डोळ्याचा भाडोत्री सैनिक भेटतो. त्याच्या टोळीचा उपनायक क्रेम. शिंप्याचा पोरगा. मुलगी म्हणून जन्मला, पुरुष म्हणून गेममधल्या टेविंटर साम्राज्याच्या फौजेत शिरला, भेद उघडा पडल्यावर तिथून पळाला. सरहद्दीवरच्या एका गुत्त्यात शिपायांनी त्याला गाठलं. त्याच्यावर पडणारा घाव बुलनं मध्ये पडून झेलला आणि त्यात बुलचा डोळा गेला. तोवर बुल त्याला ओळखतही नव्हता.

म्हणजे बुल पडद्यावर येतो तेव्हापासून तो फुटका डोळा आपल्याला दिसत असतो, पण तो कशापायी गेला हे नंतर कळतं. क्रेम ट्रान्स आहे हेही असंच, गुत्त्यात पीत बसल्यावर, टोळीतल्या पोरांच्या थट्टामस्करीत निघतं. बुलच्या कुनारी लोकांकडं अशा माणसांसाठी शब्द आहे, आकुन-अथलोक. बुलच्या लेखी क्रेम पुरता पुरुष आहे आणि त्यात त्याला चर्चेसारखं काही वाटत नाही. क्रेमही बुलची भरपूर खेचतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्यावर उपकार झालेत तो खालमानेनं वावरत नाही, बरोबरीनं बोलतो.

मावसभाऊ मला सारखा त्या गुत्त्यात परत जायला लावायचा. नवीन डायलॉग संपले होते तरी. तिसऱ्या का चौथ्या रात्री तो म्हणाला, "दादा, मी पण क्रेमसारखाच आहे." मी गेम पॉज केला. पुढचं आमच्या दोघांत राहू दे.

एक गोष्ट मात्र सांगतो. आमच्या भागात बायकाही 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. त्यामुळं तो लहानपणापासून 'मी गेलो' म्हणत असला तरी घरात कुणाच्या कानाला खटकलं नाही. पुण्याला होस्टेलवर गेल्यावर पोरींनी पहिल्याच आठवड्यात टोकलं, 'गेलो काय म्हणतेस?' आपल्या बोलीनं त्याला जेवढी जागा दिली होती, तेवढी प्रमाण मराठीनं काढून घेतली.

हाच भाषेचा पेच आम्हाला नंतर 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'मध्ये आला. २०२४ च्या या गेममध्ये ताश नावाचा कुनारी साथीदार नॉन-बायनरी आहे, म्हणजे स्वतःला ना पुरुष मानणारा ना बाई, आणि इंग्रजीत ताशसाठी 'दे' वापरतात. मराठीत काय म्हणायचं? 'ते आलं' म्हटलं तर लहान पोरासारखं वाटतं, 'ते आले' म्हटलं तर कुणी साहेब आल्यासारखं. (वर मी 'नावाचा साथीदार' लिहिलंय, तिथंही मराठीनं मला पकडलंच.) शेवटी आम्ही नुसतं 'ताश' म्हणायला लागलो आणि क्रियापद जमेल तसं टाळायला लागलो. ताश आणि आई शथान यांच्यातला ताण मला खरा वाटला. आई जुन्या रीतीतला शब्द पुढं करते, तो ताशला बसत नाही, आणि दोघंही एकमेकांवर माया करत असूनच दुखावतात. पण मधेमधे गोष्ट थांबते आणि समजावून सांगणं सुरू होतं, तिथं लिखाण उतरतं. त्या फॅंटसी जगात 'नॉन-बायनरी' हा आजचा शब्द का, यावर लोकांनी बराच कालवा केला. मला शब्दाची अडचण नाही. गोष्ट थांबते, त्याची आहे.

याहून घाईचं उदाहरण २०१६ चं. 'बाल्डर्स गेट: सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर'मधली मिझेना, ट्रान्स बाई. नाव विचारलं की दोन वाक्यांत ती आपली कहाणी सांगून टाकते, आपली तिची ओळख व्हायच्या आतच. त्यावरून इंटरनेटवर जो गदारोळ झाला त्यात बराचसा निव्वळ द्वेष होता. तिच्यावर आणखी काम करू, असं गेम बनवणाऱ्यांनीच नंतर म्हटलं.

माझी सगळ्यात आवडती जोडी मात्र 'पाथफाइंडर: रॅथ ऑफ द रायचस'मधली, २०२१ ची. अनेविया आणि तिची बायको इराबेथ. अनेविया ट्रान्स बाई आहे. तिला हवं तसं शरीर मिळावं म्हणून जो काढा लागणार होता, त्याच्या पैशासाठी इराबेथनं वडिलांची तलवार विकली. इराबेथ धर्मयोद्धा आहे, तलवार तिचं सगळं काही. आमच्या आजोळी खंडेनवमीला पणजोबांची तलवार पाटावर मांडून पूजतात, एरवी तिला कुणी हातही लावत नाही. त्यामुळं हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आणि गेम सुरू होतो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं. या दोघी शहर वाचवायच्या गडबडीत असतात, एकमेकींची काळजी करत असतात, कुरकुरत असतात. चांगला चाललेला संसार.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) बहुतेक तुम्ही खेळलाच असाल. त्यात शरीर, आवाज आणि सर्वनाम वेगवेगळं निवडता येतं, म्हणजे नायक तुम्हीच ट्रान्स करू शकता. त्यातली नॉक्टर्न ही शॅडोहार्टची जुनी मैत्रीण. शॅडोहार्टच्या आठवणी पुसल्या गेल्यात आणि तिचं लहानपण नॉक्टर्नला आठवतंय. भूमिका छोटी आहे, पण हे नातं उलटं आहे, इथं देणारी ट्रान्स बाई आहे. तिला आवाज अ‍ॅबिगेल थॉर्न या ट्रान्स अभिनेत्रीनं दिलाय. २०१४ मध्ये क्रेमचा आवाज जेनिफर हेल या बाईंचा होता. त्या उत्तम कलाकार आहेत, पण ट्रान्स पुरुषाला बाईचा आवाज, हे माझ्या भावाला तेव्हाही टोचलं होतं.

आमच्या पिढीनं मराठी पडद्यावर बहुतेक नाच्याच पाहिला. टाळी वाजवायची, लोकांनी हसायचं, संपलं. त्याचा जीवलग कोण, त्याच्यासाठी कोण भांडलं, हे कधी कुणी दाखवलं नाही. म्हणून मला या नात्यांचं एवढं पडलंय.

कुठून सुरुवात करायची तर 'इन्क्विझिशन'. आधीचे दोन भाग खेळलेले नसले तरी चालतं, आणि जुना असल्यामुळं साध्या ग्राफिक कार्डवरही निभतो. बुलला टोळीत घ्यायचं विसरू नका, स्टॉर्म कोस्टला तो भेटतो. पुढं त्याचं एक मिशन आहे. क्रेम आणि त्याची पोरं टेकडी धरून असतात, समोरून शत्रू चढत असतो, आणि शिंग फुंकून त्यांना मागं बोलवायचं की मित्रराष्ट्राचं जहाज वाचवायचं हे तुम्हाला ठरवायचं असतं. त्याच्याआधी सेव्ह करून ठेवा. माझ्या भावानं पर्याय पूर्ण वाचायच्या आतच शिंग फुंकलं. जहाजाची बाजू आम्ही अजून बघितलेली नाही.