नेतृत्वगुण उपजत असतात की शिकून येतात?

तुम्ही विचारलंय, 'मी अबोल आहे, चारचौघांत पुढे होत नाही. म्हणजे नेतृत्व माझ्या रक्तातच नाही का?' तसं नाही. पण 'सगळं शिकता येतं' असं छापील उत्तरही मी देणार नाही.

थोडं उपजत असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या जुळ्या पुरुषांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एकसारखी जुळी आणि वेगळी दिसणारी जुळी यांची तुलना करून संशोधक रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी नेतृत्वातल्या उपजत भागाचा आकडा काढला, साधारण ३० टक्के. म्हणजे तुमचं ३० टक्के नेतृत्व आईवडिलांकडून आलं असं नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांशी जोडता येतो, इतकंच. आणि मोजलं काय होतं? तर कोणी कोणती पदं सांभाळली ते. पद मिळणं वेगळं आणि ते निभावणं वेगळं, हे ज्याने दोन-चार साहेब पाहिलेत त्याला सांगायला नको.

पद मिळायला बोलकेपणा भलताच कामी येतो. मी त्यातलाच. तोंडाच्या जोरावर सहा जणांचा टीम लीड झालो. मीटिंगमध्ये पहिलं वाक्य माझंच असायचं, "हे असं करूया, काय?" सगळे माना डोलवायचे आणि मी खूश, की एकमत झालं. एका कामाची तारीख अशीच ठोकून दिली आणि ती साफ हुकली. नंतर टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "सर, टेस्टिंगला दिवसच ठेवले नव्हते. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं ठरलं होतं ना."

त्यानंतर मी स्वतःला नियम घालून घेतला: सगळ्यात नवा माणूस आधी बोलणार, मी शेवटी. ऐकायला सोपं आहे. पहिले काही आठवडे मी पेन मुठीत आवळून बसायचो. पाच सेकंद कोणी बोललं नाही की जीभ वळवळायची. दोनदा नियम मोडला, तेही त्याच मुलीचं वाक्य तोडून. सवय व्हायला तीनेक महिने गेले. आता मला कोणी 'उपजत चांगला ऐकणारा' म्हटलं की हसू येतं.

तुम्हाला हा भाग फुकटात मिळालाय. तुमची अडचण पुढची आहे: सगळ्यांचं ऐकून झाल्यावर 'ठीक आहे, हे करायचं, ते सोडायचं' असं मोठ्याने म्हणणं, आणि ज्याचं म्हणणं सोडलं त्याच्या नजरेला नजर देणं. ते मात्र वाचून येत नाही. एखादं लहान काम मागून घ्या, दोन-तीन माणसांचं, आणि शेवटचा शब्द तुमचा ठेवा. तारीख देताना टेस्टिंगचे दिवस तेवढे धरा.