स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी साध्या एमपी३ प्लेअरवर टाकता येतात का?

नाही. तुम्ही प्रीमियमचे पैसे भरता, गाणं 'डाउनलोड' झालेलं दिसतं, म्हणून ती फाइल आपली असं वाटणं साहजिक आहे. पण ती कुलूपबंद असते आणि किल्ली फक्त अ‍ॅपकडे. केबल लावून कॉपी केलीत तरी प्लेअरला ती ओळखताच येणार नाही. अ‍ॅपलाही ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, वर्गणी चालू आहे का हे तपासायला. साध्या प्लेअरमध्ये ना अ‍ॅप, ना वायफाय. मग तपासणार कसं?

वर्गणीचीच गाणी हवी असतील तर अँड्रॉइडवर चालणारा प्लेअर घ्या. सोनीच्या वॉकमनमध्ये एनडब्ल्यू-ए३०६ सारखी मॉडेलं आहेत, फिओ कंपनीचेही काही आहेत. त्यात प्ले स्टोअरवरून अ‍ॅप टाकायचं, घरच्या वायफायवर गाणी उतरवायची आणि बाहेर ऑफलाइन ऐकायची. नुसतं पळताना ऐकायचं असेल तर गार्मिनची काही घड्याळंही स्पॉटिफायची गाणी साठवतात.

कुलूप तोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मात्र जाऊ नका. ते नियमांत बसत नाही, शिवाय त्यांतून व्हायरसही येऊ शकतो.

माझ्या वडिलांना बटणांचाच प्लेअर लागतो. खिशात हात घालून, न बघता ते गाणं बदलतात. त्यांच्यासाठी मी घरातल्या जुन्या सीडी संगणकावर एमपी३ करून मेमरी कार्डात भरल्या. आवडीची मोजकीच गाणी असतील तर विकत घ्या. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर घेतलेल्या फाइलला कुलूप नसतं, ती एमपी३ म्हणून उतरवली की कुठल्याही एमपी३ प्लेअरवर वाजते.