मुलगा 12 वर्षांचा, उंची कमी, क्लबच्या अकादमीत घेतील का?

उंचीचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही विचारलंय की राहायला रत्नागिरीत, मुलगा 12 वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका पण पायात बॉल छान, तर प्रोफेशनल क्लबच्या अकादमीत घेतील का आणि कितव्या वर्षी पाठवावं. घेतील. नुसती उंची बघून जी अकादमी नाही म्हणेल तिथे पाठवूच नका. हे कशाच्या जोरावर बोलतोय ते सांगतो.

मी वेंगुर्ल्याकडे शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे पोरं मुळात क्रिकेटची, टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू झाल्या की फुटबॉलला अकरा डोकी जमवताना जीव जातो. पण किनाऱ्यावरची, रापणकरांच्या म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातली पोरं अनवाणी वाळूत खेळून असली तयार झालेली असतात की बघत राहावं. त्यातलाच एक माझ्याकडे होता, नाव नको, डिसेंबरचा जन्म, अंगाने काडी. तीन जण अंगावर गेले तरी मधून बॉल घेऊन बाहेर यायचा आणि मान वर करून पास द्यायचा, हे त्या वयात शिकवून येत नाही. त्याला एका निवड चाचणीला घेऊन गेलो तर तिथे आधी पोरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं आणि टोकाची पाचसहा जणं बॉलला पाय लावायच्या आत बाजूला काढली. म्हणे बारका आहे, पुढच्या वर्षी बघू. मी भांडलो. माझ्याच बरोबरचे एक ज्येष्ठ शिक्षक तिथे होते, ते माझ्या बाजूने बोलायचं सोडून म्हणाले की फुटबॉल धक्क्याचा खेळ आहे, आधी अंग आणि स्टॅमिना, बॉल मागून येतो. पोराचे वडील मला एवढंच म्हणाले, "मास्तरांनू, बारको हा म्हणान काढल्यानी, पण त्येच्या पायातसून बॉल कोणाक काढूक गावता काय ता तरी बघूचा होता मा." पुढचं वर्ष आलंच नाही, पोरगा फुटबॉलला यायचा बंद झाला, आता गावच्या क्रिकेट टीममधून खेळतो.

त्यानंतर काही काळाने एक योग आला. डी लायसन्सच्या, म्हणजे फुटबॉल कोचच्या पहिल्या पायरीच्या कोर्सला माझ्याबरोबर असलेला एक जण गोव्यातल्या एका प्रोफेशनल क्लबच्या अकादमीत 13 वर्षांखालच्या मुलांचा कोच आहे, त्याने ये म्हणून बोलावलं. क्लबचं नाव लिहीत नाही, आतल्या मुलांबद्दल नावानिशी काही बाहेर बोलायचं नाही ही त्यांची अट होती आणि मला ती योग्यच वाटते. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की फुटबॉलचं वातावरणच बदलतं हे तुम्हाला माहीत असेल, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर तर 2017 साली अंडर-17 वर्ल्डकपच्या मॅच झाल्या. आमची पोरं तिथून दोनेक तासांवर राहतात आणि तरी त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही याचा मला मनापासून राग येतो.

तर सेशन. मुलं आली ती सरळ रोंडोला लागली, म्हणजे गोलात उभं राहून मधल्या एक-दोघांना बॉल न देता पास करत राहायचं, मैदानाला राउंड एकही नाही. वॉर्मअप बॉलवर, शेवटपर्यंत सगळं बॉलवर, रांगेत उभं राहून आपली पाळी येण्याची वाट बघणारं एकही पोर दिसलं नाही. कोच ओरडत नव्हता, मध्येच खेळ थांबवायचा आणि विचारायचा की आत्ता तुझ्याकडे पासला किती जण मोकळे होते, पोरगा उत्तर द्यायचा, खेळ पुढे चालू. पालक कुंपणाच्या बाहेर, तिथून सूचना द्यायला बंदी.

पण मला ज्यासाठी जन्मभर तो दिवस आठवेल ते वेगळंच. त्या दिवशी त्यांनी 13 खालची आणि 15 खालची मुलं एकत्र करून वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे टीम पाडल्या होत्या. त्यांच्याकडे प्रत्येक मुलाचा तक्ता असतो, दर काही महिन्यांनी उंची, बसून उंची, वजन घेतात, आईवडिलांची उंचीसुद्धा लिहून ठेवतात, त्यावरून पोरगा वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज काढतात. मुलांची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती साधारण 14 च्या आसपास, पण कोणाचं ते 12 लाच सुरू होतं, कोणाचं 15 ला, त्यामुळे एकाच वयाच्या दोन पोरांच्या शरीरात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. त्या मॅचमध्ये एक दांडगा पोरगा होता, एरवी आपल्या वयात सगळ्यांना मागे टाकून पळत सुटणारा. त्या दिवशी समोर त्याच्याच मापाची मुलं आली आणि नुसतं पळून जमेना, त्याला मान वर करून पास शोधावा लागला. आणि पलीकडच्या मैदानावर एक बारका पोरगा, जो एरवी म्हणे धक्क्यात पडायचा, तो मधोमध उभा राहून अख्खी मॅच चालवत होता! माझ्या डोळ्यासमोर आमचाच पोरगा आला.

सेशन संपल्यावर मी तिथल्या मुख्य कोचना माझ्या पोराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी उंची विचारलीच नाही, पहिला प्रश्न, "कितव्या महिन्यातला?" डिसेंबर म्हटल्यावर ते मान हलवून म्हणाले की गट 1 जानेवारीपासून धरतात, म्हणजे जानेवारीचं पोर त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, जगभर अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते आणि ती गुणवत्तेमुळे नसते. असा पोरगा आम्ही काढत नाही, थांबतो, असं ते म्हणाले. फ्रान्सचा स्टार खेळाडू ग्रीझमन, त्याला फ्रान्समधल्या क्लबांनी बारका म्हणून घेतलं नाही, स्पेनच्या रेआल सोसिएदादने नेला, आणि 2018 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये फ्रान्ससाठी गोल मारणाऱ्यांत तो होता.

परत येऊन मी आमच्या ज्येष्ठांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्याकडे हिरवळ आहे, आपल्याकडे कातळ, आपल्याला पळवल्याशिवाय गत्यंतर नाही. मी म्हणतो कातळ आहे म्हणूनच पळवू नका! वाढीच्या वयात टाचेचं आणि गुडघ्याखालचं हाड अजून जुळत असतं, जांभ्याच्या मैदानावर राउंड मारून मारून टाचा दुखून बसलेली पोरं मी बघतो, आणि त्यांनाच वर आळशी म्हणतात. त्या अकादमीत पोराची उंची झपाट्याने वाढायला लागली की त्याचं पळणं आणि उड्या मारणं कमी करतात. बॉल पाच असोत की सहा, मैदान अर्धं असो, चार विरुद्ध चारच्या मॅच लावा, स्टॅमिना त्यातच येतो. यावर अजून आमच्या ज्येष्ठांनी मला उत्तर दिलेलं नाही.

आता तुमचं. 13-14 च्या आधी घरापासून लांब राहायला पाठवू नये हे माझं मत, तोवर रत्नागिरीतच आठवड्यातून जितके दिवस बॉल पायाला लागेल तितकं बघा. पावसात मैदान गेलं तर हॉलमध्ये फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचं फुटबॉल, खेळू दे. ट्रायलच्या नावाने आगाऊ पैसे मागणारा असेल तर फोन ठेवा. परदेशी क्लबचं नाव लावून फी घेणारी शाळा आणि क्लबची स्वतःची टीम असलेली अकादमी यात फरक आहे, पोरं कुठल्या लीगमध्ये खेळतात ते विचारा, एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, मानांकन आहे का बघा. वयाचा दाखला खरा ठेवा, हाडांच्या एक्स-रेवरून वय ओळखायची टीडब्ल्यू-3 टेस्ट होते, खोटं वय लावून पोराचं नुकसान करणारे आईबाप मी पाहिलेत. आणि शाळा सोडवू नका, कारण अकादमी दरवर्षी काही मुलांना परत पाठवते, हे कोणी आधी सांगत नाही.

हो, एक राहिलं, मी जवळून बघितलेली अकादमी ही एकच. सगळीकडे असा तक्ता ठेवत असतील असं नाही, 13 खालच्या मॅचही जिंकायच्याच म्हणून दांडगी पोरं भरणारे कोच प्रोफेशनल क्लबांतही असणार. त्यामुळे ट्रायलला गेलात की तिथल्या कोचला सरळ विचारा, उशिरा वाढणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता. आणि मुलगा गोलकीपर असेल तर मात्र उंचीचा हिशोब थोडा वेगळा पडतो. तो कुठल्या जागेवर खेळतो आणि जन्म कितव्या महिन्यातला ते लिहा, मग पुढचं सांगतो.