रात्रपाळी आणि मॅट: कुस्तीसोबत नर्सिंग कसं जमवायचं

प्रश्न असा आहे की 62 किलो गटात आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळताना नर्सिंगचा अभ्यास आणि वॉर्डातली ड्यूटी झेपेल का. झेपते. फक्त गाडी वेळेपाशी अडत नाही, रात्रपाळीपाशी अडते.

स्पर्धेच्या तारखेपासून उलटं मोजत वेळापत्रक आखा. शेवटचे तीन आठवडे रात्रपाळी नको, आणि ती अदलाबदल इन्चार्ज सिस्टरांकडे महिनाभर आधी मागा. रात्र जागून थेट मॅटवर गेलात तर पूर्ण जोरातल्या लढती करू नका. दमलेलं शरीर उशिरा सावरतं आणि नेमका तेव्हाच गुडघा किंवा खांदा जातो. आधी झोप, मग संध्याकाळी डावांची हलकी उजळणी. दिवसभर रुग्ण उचलून कंबर आखडली असेल तर त्या दिवशी डेडलिफ्टही नको.

वजन ड्यूटीच्या महिन्यांतही 64 च्या आसपास ठेवा. अंतिम फेरीत पोहोचलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचं असतं. पॅरिस 2024 ला विनेश फोगाट तिथेच 100 ग्रॅमसाठी अपात्र ठरली. पाणी तोडून बारा तास वॉर्डात काढणं तर रुग्णाच्याही जिवावरचं आहे, औषधाचा डोस मोजताना डोकं चालत नाही.

आता खरी फसगत. वजन दिल्यावर अशक्तपणा वाटतो, मैत्रीण प्रेमाने सलाईन लावून देते. 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत प्रतिबंधित आहे. रुग्णालयातल्या रीतसर उपचाराला सूट आहे, स्टाफरूममधल्या उपकाराला नाही. पाणी आणि ओआरएस तोंडावाटेच घ्या. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, तर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद. त्याचं अँप्युल एप्रनच्या खिशात राहून किटमध्ये आलं, तर नुसतं जवळ सापडणंही अंगावर येऊ शकतं. घरी निघताना खिसे झटकायची सवयच लावा.

उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत नाव असेल तर रोज पहाटे 5 ते रात्री 11 मधला एक तास आणि ठिकाण द्यावं लागतं. 12 महिन्यांत तीन चुका झाल्या की नियमभंग. रात्रपाळीनंतर सकाळचा 9 ते 10 चा तास दिलात आणि गाढ झोपेत बेल ऐकू आली नाही, तर ती चूक तुमचीच धरतात. झोपेचा तास कधीच देऊ नका. पाळी बदलली की त्याच मिनिटाला ठावठिकाणा नोंदवायच्या अ‍ॅपमध्येही बदला.

त्वचेची काळजी दुहेरी हवी. मॅटवर खरचटलेली जागा जलरोधक पट्टीने झाका, मगच ग्लोव्हज घाला. गजकर्णाचा चट्टा दिसला तर मॅटही बंद आणि रुग्णाला हात लावणंही. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच परत या. ड्यूटीचे बूट आणि कपडे आखाड्यात नेऊ नका. हिपॅटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी झाले, की एक-दोन महिन्यांत अँटीबॉडी तपासा. ती 10 mIU/mL किंवा जास्त यायला हवी.

कानात रक्त साकळलं तर लगेच काढून घ्या. ते घट्ट झालं की एन-95 च्या कानामागच्या दोऱ्या आणि स्टेथोस्कोप दोन्ही छळतात. मास्क डोक्यावरून पट्टे जाणाराच घ्या.