काकांचा रेडिओग्राम ठेवू का?

रेडिओग्राम म्हणजे एकाच कॅबिनेटमध्ये रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर. तो ठेवायचा की नाही हे आजच ठरवू नकोस. आधी एक पथ्य पाळ: प्लग लावून बघू नकोस. नवख्यांची पहिली चूक हीच. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या सेटमधले कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) आतून खराब झालेले असतात. वीज मिळताच ते फुटू शकतात, ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. आत दोनशे-अडीचशे व्होल्ट खेळतात, काही सेटमध्ये तर चासीच (आतली धातूची चौकट) थेट घरातल्या विजेच्या लाइनला जोडलेली असते. म्हणून मागचं झाकण उघडलंस तरी हात घालू नकोस, टॉर्चने नुसतं बघ:

- लाकडाला वाळवी किंवा भुंगा
- उंदरांनी कुरतडलेल्या वायरी
- डायलची काच

काच फुटली असेल तर तशीच दुसरी मिळणं फार कठीण. व्हॉल्व्हची (आतल्या काचेच्या नळ्यांची) एवढी चिंता नको, ते पुष्कळदा चांगले निघतात. कॅबिनेटला पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस, मूळ पॉलिश गेलं की परत येत नाही. कोरडं फडकं पुरे.

अशा बऱ्याच सेटवर एफएम नसतं, मीडियम आणि शॉर्ट वेव्हच लागते. ते चालणार असेल आणि घरात कायमची जागा असेल, तर जरूर ठेव. मग व्हॉल्व्ह सेट जाणणारा जुना मेकॅनिक शोध, पुढचं त्याच्यासमोर बसून शिक.