नवीन क्लचप्लेट टाकल्यावर लगेच घाटातून कोकणात गाडी नेली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2014 ची स्विफ्ट डिझेल, नव्वद हजार किलोमीटरला क्लचप्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असं सगळं नवीन टाकलंय. सहा दिवसांनी गणपतीला पुण्याहून चिपळूणला पाच माणसं आणि सामान घेऊन निघायचंय. मेकॅनिक म्हणतो बिनधास्त न्या, मेहुणे म्हणतात 800 किलोमीटर होईपर्यंत पुण्याबाहेर काढू नका. ऐकायचं कुणाचं?

जा. फक्त हे सहा दिवस गाडी जपून ठेवायची म्हणून पार्किंगमध्ये झाकून ठेवू नका. उलट रोज गावात फिरवा.

मेहुण्यांचा 800 चा आकडा हवेतला नाही. नेहमीच्या प्लेटला 500 ते 800 किलोमीटर सांभाळून चालवा, असं क्लच बनवणारेही सांगतात. पण ते किलोमीटर शहरातले, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. प्लेट बसते ती क्लच सुटताना जे क्षणभर घासणं होतं त्यातून. पाचव्या गिअरमध्ये हायवेला तुम्ही तासभर गेलात तर तेवढ्या वेळात प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) एकमेकांना चिकटून फिरतात, घासणं शून्य. मी एकदा खुळ्यासारखं मोजलं होतं. कोथरूड ते हडपसर, ऑफिसच्या वेळेला, एकशे चाळीसच्या वर क्लच दाबला गेला. सातारा हायवेला खेड शिवापूर आणि आनेवाडीचे टोलनाके धरूनही शंभर किलोमीटरमध्ये वीस-पंचवीसच्या पुढे गेलो नाही. त्यामुळे मीटरवरचा आकडा बघण्यात फार अर्थ नाही.

आता बसायचं म्हणजे काय? नवीन प्लेटचं अस्तर हाताला सपाट लागतं, पण फ्लायव्हीलला ते सुरुवातीला सगळीकडून टेकत नाही. उंच राहिलेल्या थोड्या जागाच टेकतात आणि इंजिनाचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. हळूहळू घासत गेलं, मध्ये थंड व्हायला उसंत मिळाली, की उंच जागा झिजतात आणि पूर्ण अस्तर टेकायला लागतं. तेच पहिल्या दिवसांत जोरात तापवलं तर त्या जागा भाजून काचेसारख्या गुळगुळीत होतात. मग प्लेट नवी असूनही पकडत नाही, नाहीतर गाडी उचलताना थरथरते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या जुन्या वॅगनआरला क्लच टाकला आणि तिसऱ्याच दिवशी वरंधा घाटातून महाडहून भोरकडे चढलो. गाडीत पाच जण, वर नारळाचं पोतं. मध्येच एक ट्रक बंद पडला होता आणि आमची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवरच गाडी चढावर धरून ठेवत होतो. आई मागून म्हणाली, "काहीतरी जळतंय का रे?" मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचं असेल." ट्रकचं नव्हतं. त्या दिवसापासून पहिल्या गिअरला गाडी सुटताना अशी थरथरायची की शेजारचा माणूस माझ्याकडे बघायचा. दोन महिन्यांनी गिअरबॉक्स परत उतरवला तेव्हा फ्लायव्हीलवर निळे डाग आणि प्लेट आरशासारखी. गॅरेजवाल्यानं पहिल्या वेळी फ्लायव्हील लेथवर फेस केलंच नव्हतं, म्हणजे घासून सपाट केलं नव्हतं, हेही तेव्हा कळलं. म्हणजे चूक दोघांची, मजुरी मात्र दोन्ही वेळा माझी.

म्हणून तुमच्या मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा. फ्लायव्हील फेस केलं होतं का, किंवा निदान निळे डाग, चिरा बघितल्या होत्या का? आणि नवीन प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो बसवण्याआधी पुसला होता का? तेल किंवा ग्रीस अस्तराला लागलं असेल तर कितीही सांभाळून चालवा, ते जात नाही. उत्तर देताना तो गडबडला तर चिपळूणला जायच्या आधी कळलेलं बरं.

पायालाही सवय लागायला वेळ लागतो. जुना क्लच झिजला होता तेव्हा पेडल जड झालेलं असणार आणि गाडी अगदी वर आल्यावर उचलत असणार. आता पेडल हलकं आहे आणि गाडी खालीच पकडते. डोक्यात मात्र जुनं गणित असतं. मग एकतर गाडी बंद पडते, नाहीतर बंद पडेल या भीतीनं आपण रेस देऊन क्लच रेंगाळत सोडतो. प्लेट भाजते ती या दुसऱ्या सवयीनं. सपाट रस्त्यावर रेस न देता नुसता क्लच सोडत गाडी पहिल्या गिअरला सुटते का, हे रिकाम्या मैदानात दहा-बारा वेळा करून बघा. डिझेलला ते सहज जमतं.

रोजच्या चालवण्यात काही विशेष नाही. गाडी कमी रेसवर उचला, क्लच एका दमात पण धक्का न देता सोडा आणि पाय पेडलवरून काढून खाली ठेवा. 2000-2500 आरपीएमला गिअर बदला. फक्त तुमच्या गाडीचा एक धोका लक्षात ठेवा: या इंजिनाचा 190 न्यूटन मीटरचा पूर्ण जोर 2000 आरपीएमलाच येतो. (पेट्रोल स्विफ्टचा जोर 115 च्या आसपास आणि तोही 4000 ला.) त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये हळू चालली असताना ओव्हरटेकसाठी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवू नका. एक गिअर खाली घ्या, मग दाबा. आणि हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी बंद पडते का बघायचं, ही गॅरेजमधली परीक्षा नवीन प्लेटवर हौसेनं करत बसू नका. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढवायची सवय असेल तर तीही काही दिवस सोडा. घाटाइतकाच तोही वाईट.

आता रस्ता. गावात फिरवा म्हटलं, ते सिग्नलच्या ट्रॅफिकबद्दल. इंचाइंचानं सरकणारी रांग वेगळी, तिथे प्लेटला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ताम्हिणी घाटातून माणगावला उतरलात तर गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा रस्त्याच्या रांगेत जाऊन अडकाल. मी उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून उतरेन, तेही पहाटे निघून. जाताना कुंभार्ली हा उतार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता उतरलात तर प्लेटला काहीच त्रास नाही. खरा चढ येतो तो परतताना, आणि तोवर तुमचे गावातले दोनशे, जातानाचे सव्वादोनशेच्या आसपास आणि चिपळुणात इकडेतिकडे झालेले असे जवळपास पाचशे झालेले असतील.

चढावर रांग लागलीच तर हँडब्रेक लावून थांबा. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून सरकू नका, चांगली जागा होऊ द्या आणि मग पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. जळका वास आला तर बाजूला घ्या, न्यूट्रल करा, पाय क्लचवरून काढा आणि इंजिन चालू ठेवून अर्धा तास चहा प्या. पहिल्या दोन दिवसांत गावात अगदी हलका वास आला तर घाबरू नका. रोज येत राहिला तर गॅरेज गाठा.

परत आल्यावर पेडल एकदा दाखवून घ्या. केबलचा क्लच असेल तर पेडलला वर थोडी मोकळी हालचाल हवी. ती संपली की रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरायला लागते. केबल जुळवायला पाच मिनिटं लागतात, त्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही.