ब्लॅकस्टोन ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी सुरू करताना संस्थापक स्टीफन श्वार्झमन यांनी स्वतःचे किती पैसे घातले होते?

सुमारे 2 लाख डॉलर. 1985 साली सहसंस्थापक पीट पीटरसन यांनीही तेवढेच घातले आणि 4 लाखांवर कंपनी उभी राहिली. हा आकडा कंपनी स्वतःच सांगते. एवढं पुरलं, कारण सुरुवातीचा धंदा कंपन्यांच्या विलीनीकरणात सल्ला देऊन फी घेण्याचा होता, त्याला भांडवल फारसं लागत नाही. खासगी इक्विटीत, म्हणजे फंड उभारून कंपन्या विकत घ्यायच्या आणि पुढे नफ्यात विकायच्या या धंद्यात, तर पैसा मुख्यतः दुसऱ्यांचाच: पहिल्या फंडात एकट्या प्रुडेन्शियल विमा कंपनीने 10 कोटी डॉलर देऊ केले. मात्र '4 लाखांतून साम्राज्य' ही गोष्ट जरा जपूनच ऐका. दोघंही लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेतले बडे बँकर, त्यात पीटरसन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री राहिलेले. खरं भांडवल त्या ओळखी.